वन्सं आणि बिनउंबरठ्याचं घर

माझ्या थोरल्या नणंदेइतकं दुसऱ्यांच्या म्हातारपणाला जीव लावणारं माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचं नाही. अडचण एवढीच, की ते म्हातारपण येईपर्यंत थांबायची त्यांची तयारी नसते. तिशीतलं एखादं जोडपं हौसेनं नवा फ्लॅट दाखवायला त्यांना घेऊन जातं, तर या आधी दाराची रुंदी बघतात, मग बाथरूमची पायरी बघतात आणि मग त्या दोघांकडं अशा नजरेनं बघतात, की आपल्यापैकी आधी कोण आडवं होणार हे यांना कळलंय की काय, असं त्या बिचाऱ्यांना वाटावं. हडपसरला माझ्या भाच्यानं फ्लॅट घेतला, त्याच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. बाहेर होम चाललेला आणि वन्सं बाथरूममध्ये. तिथल्या चकचकीत फरशीवर फुलपात्रभर पाणी ओतून त्यांनी तळपाय घासून बघितला आणि बाहेर येऊन भाच्याच्या सासूबाईंना अगदी आपुलकीनं म्हणाल्या, "घर छान आहे हो. तुम्ही मात्र इथं राहायला येऊ नका." 'पडाल' हा शब्द त्या म्हणाल्या होत्या, पण तो भटजींच्या स्वाहामध्ये बुडाला. पुढं ते सगळं निस्तरायला मला किती फोन करावे लागले ते माझं मला माहीत.

त्यांना मी वन्सं म्हणते. माझ्या वयाच्या बायकांत नणंदेला असं म्हणणाऱ्या आता फारशा उरलेल्या नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मीही 'ताई' म्हणायला लागले होते, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "शुभा, ताई मला सगळेच म्हणतात. तू वन्सं म्हण. घरात कुणाला तरी माझा धाक वाटायला हवा." धाक काही मला कधी वाटला नाही. दमायला मात्र झालं, आणि ते आजतागायत चालू आहे. वन्सं लोकांच्या घरांचं इंटीरियर करतात. 'सजावट' हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही, सजावट गणपतीची करतात म्हणे. लग्न केलं नाही, शनिवार पेठेत एकट्या राहतात. फार पूर्वी त्या एका बिल्डरकडं नोकरीला होत्या, सँपल फ्लॅट उभे करायचं काम. तिथं पलंग मुद्दाम आखूड करून घेत, म्हणजे खोली मोठी दिसते. लोक येत, भुलत, बुकिंग करून जात, आणि पुढं स्वतःचा पलंग आणला की दार लागेना म्हणून भांडायला येत. मग माझ्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यांची चाकाची खुर्ची बाथरूमच्या दारातून आत जाईना. ते घर वन्संनीच केलेलं होतं, शिकून बाहेर पडल्यावरचं पहिलं काम म्हणून. सासरे गेले तोपर्यंत त्यांची आंघोळ पलंगावरच ओल्या पंच्यानं होत राहिली. ते गेल्यावर वन्संनी नोकरी सोडली आणि जिथं कुणालाही, कशाही अवस्थेत राहता येईल अशी घरं करायला लागल्या. वडिलांमुळं का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "नाही हो. मला आखूड पलंगांचा कंटाळा आला होता."

त्यांच्या गाडीच्या डिकीत घडीची व्हीलचेअर कायम असते. कुणाचंही घर हातात घेतलं, की पहिल्या दिवशी त्या खुर्चीत बसून सगळीकडं फिरतात, कुठं अडतं, कुठं हात पोचत नाही ते बघतात. यात गैर काही नाही, पण त्या सुरुवात सोसायटीच्या फाटकापासून करतात. येरवड्याला एका शिक्षिकेचं काम होतं. अपघातानंतर ती खुर्चीला खिळलेली, आणि तिची मागणी एकच होती, की स्वतःची पोळी स्वतःला लाटता यावी. वन्सं फाटकातून खुर्ची ढकलत निघाल्या तशी शेजारची एक बाई कळवळून पुढं आली, लिफ्टपर्यंत सोबत आली. "कधी झालं हो हे?" तिनं विचारलं. वन्सं मनात लिफ्टच्या दाराचं माप घेत होत्या. म्हणाल्या, "आज सकाळीच." दुपारी त्याच वन्सं खुर्ची घडी घालून काखेत मारून तरातरा जिना उतरून आल्या. त्या बाईनं ते पाहिलं आणि वरच्या शिक्षिकेच्या घरात कुणी सिद्धपुरुष येतात अशी तिची पक्की समजूत झाली. पुढच्या आठवड्यात ती आपल्या सासऱ्यांना घेऊन दाराशी हजर. शिक्षिकेचा ओटा मात्र झाला. बसून काम करता येईल असा बुटका, खाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा. पहिल्या दिवशीच्या वेड्यावाकड्या पोळ्या वन्संनी तिथंच उभ्यानं खाल्ल्या. घरी येऊन मला एवढंच सांगितलं, की तूप कमी होतं.

आमचं धायरीचं घर म्हणजे त्यांची प्रयोगशाळा. लोकांकडं जे करायचं ते आधी सख्ख्या भावाकडं करून बघायचं, हा त्यांचा नियम, आणि बहिणीला नाही म्हणायचं नाही, हा आमच्या ह्यांचा नियम. या दोन नियमांच्या मधे मी केरसुणी घेऊन उभी. घरातले सगळे उंबरठे त्यांनी काढले. बाथरूमचासुद्धा. फरशीला उतार दिला की पाणी बाहेर येत नाही, असं त्या म्हणाल्या. पहिल्या खेपेला मिस्त्रीनं उतार दिला, पण तो हॉलच्या दिशेनं. पाहुणे सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचे आणि कौतुक करायचे. मग सगळं उखडलं, पुन्हा केलं, त्याची धूळ मला डब्यातल्या डाळीत सापडत राहिली. स्वयंपाकघरात त्यांनी एक ओटा बसवला, तो हँडल फिरवून वरखाली करता येतो. हे उंच, मी ठेंगणी. सकाळी चहासाठी ह्यांनी तो वर केलेला असायचा आणि मी मागून येऊन पोळ्या लाटायच्या म्हणजे हात हनुवटीपाशी. भिंतींच्या आत ठिकठिकाणी त्यांनी जाड प्लाय घालून वर गिलावा केला, पुढं कधी धरायच्या दांड्या लावायच्या झाल्या तर स्क्रूला पकड मिळावी म्हणून. त्यामुळं आमच्याकडं साधं कॅलेंडर टांगायचं तरी शनिवार पेठेत फोन करावा लागे. "तिथं नको," त्या म्हणायच्या, "ती जागा तुझ्या सत्तरीची आहे."

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून आवडली. हॉल आणि आतली खोली यांच्यामधली भिंत काढून त्यांनी तिथं घडीची लाकडी दारं बसवली. ती पूर्ण सरकवली, की आतल्या पलंगावरून हॉल दिसतो, पलीकडं स्वयंपाकघर दिसतं, दारात कोण आलं तेही दिसतं. हे कशाला, मी विचारलं होतं. वन्सं म्हणाल्या, "पडून राहिलेल्या माणसाला पंखा सोडून काहीतरी दिसायला हवं."

त्या पलंगावर सासूबाई आल्या. पर्वतीजवळच्या आपल्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहायच्या, कुणाचं ऐकायच्या नाहीत. देवाला फुलं काढताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, की आता आजींना चालवा. पलंगाची सवय लागली तर या वयात पुन्हा उठणं कठीण. आम्ही त्यांना धायरीला घेऊन आलो. वन्संनी दोन दिवसांत भिंतीतल्या त्या राखून ठेवलेल्या जागांवर दांड्या लावल्या. पलंगापासून बाथरूमपर्यंत, आत कमोडच्या दोन्ही बाजूंना, शॉवरखाली. काम संपल्यावर त्या घामाघूम होऊन खुर्चीत बसल्या, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना तेवढं समाधानी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंनी सगळं नजरेखालून घातलं. म्हणाल्या, "मी काय बसमध्ये उभी आहे, दांडी धरून?"

आणि त्यांनी ती धरली नाही. कपाटाला धरलं, खुर्चीच्या पाठीला धरलं, एकदा तर पडद्याला धरलं, तो पडदा गजासकट खाली आला. दांडीवर त्या रुमाल वाळत घालायच्या. उंबरठे नसलेल्या घरात लक्ष्मी येत नाही, आलीच तर थांबत नाही, असंही त्यांनी एकदा ऐकवलं. मग हळूहळू त्यांनी उठणंच सोडलं. मी बँकेतून लवकर निवृत्ती घेतली होती, जरा स्वस्थ बसता यावं म्हणून. आता दिवसभर त्यांचं भांडं देणं, पुसणं, कूस बदलणं. रात्री पाठ टेकली की पाठ आहे हे कळायचं. ह्यांनी समजावलं, फिजिओथेरपीवाल्या मुलीनं समजावलं. सासूबाई सगळ्यांना "बघू उद्या" म्हणायच्या. त्यांचे पाय बारीक होत चालले होते, ते चादरीवरूनसुद्धा दिसायचं.

एका दुपारी वन्सं कुठलंसं काम बघून थेट आमच्याकडं आल्या. मी तांदूळ निवडत होते. घडीची दारं उघडीच होती, त्यामुळं मायलेकी मला दिसत होत्या आणि त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"आई, ही दांडी भिंतीत पक्की आहे. दोन माणसं लोंबकळली तरी हलायची नाही."

"मग तू लोंबकळ."

"आई, तू मुद्दाम करतेयस. शुभा दमून गेलीय. माझ्यासाठी नाही तर तिच्यासाठी तरी धर."

सासूबाईंनी अंगावरची चादर सारखी केली. मग त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. "तुझ्या बाबांचं मी पाहिलंय. आधी काठी आली. मी म्हटलं, काठीच आहे. मग खुर्ची आली. मग पलंग. एकेक वस्तू घरात आणली की ती माणसाला पुढच्या वस्तूकडं नेते. मी पहिलीच धरणार नाही. बघू मला कशा नेतात त्या."

वन्सं उठल्या, मी ठेवलेला चहा न पिता निघून गेल्या. सासूबाई पंख्याकडं बघत पडून राहिल्या. समोर सगळं घर उघडं होतं तरी.

आठवड्याभरानं वन्सं एक बॅग घेऊन आल्या. "आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा घोळ आहे," त्या म्हणाल्या, "राहीन थोडे दिवस." पुण्यात हे कारण कुणाला खोटं वाटत नाही. आईच्या खोलीतच त्यांनी खाली गादी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आत गेले, तर वन्सं गादीवरून उठायचा प्रयत्न करत होत्या. एक हात जमिनीवर, दुसऱ्या हातानं त्यांनी भिंतीवरची दांडी धरली आणि तोंडानं असा आवाज काढत उभ्या राहिल्या, की माझा चहा बशीत सांडला.

सासूबाईंनी मान वळवली. "काय होतंय तुला?"

"काही नाही. गुडघे."

"कधीपासून?"

"झाली काही वर्षं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तू फक्त माझ्या लग्नाचं विचारतेस."

दिवसभर सासूबाई लेकीकडं बघत होत्या. वन्सं बाथरूमला जाताना दांडी धरून जायच्या, येताना दांडी धरून यायच्या, दर खेपेला मधे थांबून दम खायच्या. संध्याकाळी एकदा त्यांचा हात निसटल्यासारखा झाला.

"अशी वाकडी काय धरतेस," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "मूठ वळ नीट. अंगठा खालून घे."

"घेतेय की."

"कुठं घेतेयस. तुला लहानपणापासून कधी काही धड धरता आलं नाही. थांब."

आणि त्या पाय खाली सोडून बसल्या. मी ओट्यापाशी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. हे पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला नाही, पण पानही उलटलं नाही. सासूबाईंनी हात लांब करून दांडी पकडली, जोर लावला आणि उभ्या राहिल्या. पाय थरथरत होते. "ही अशी," त्या म्हणाल्या. "बघितलंस?" मग लेकीला दाखवायचं म्हणून एक पाऊल टाकलं, ती नीट बघत नाहीये म्हणून आणखी टाकलं, आणि रागावत रागावत बाथरूमच्या दारापर्यंत गेल्या. तिथून परत येताना मात्र त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वन्सं मागून चालत होत्या. त्यांनी आईच्या पाठीपासून थोड्या अंतरावर स्वतःचा हात धरून ठेवला, लावला नाही.

त्यानंतर रोजचं ठरून गेलं. "चल ग, तुझे पाय मोकळे करायला हवेत," असं म्हणून सासूबाई उठायच्या आणि लेकीला मागं घेऊन घरभर फिरवायच्या. भेटायला येणाऱ्यांना सांगायच्या, "हिच्यासाठी करून घेतलंय हे सगळं. हिचे गुडघे गेलेत ना. लग्न केलं असतं तर नवऱ्यानं तरी बघितलं असतं." वन्सं खाली मान घालून ऐकून घ्यायच्या. आयुष्यभर कुणाचं न ऐकलेली बाई ती. मला तर भीती वाटायला लागली होती, की हिचं खरंच काही बिनसलं की काय.

एकदा स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असताना मी म्हटलं, "वन्सं, नाटक छान जमलं तुम्हाला."

त्यांनी सलवार गुडघ्यापर्यंत वर केली. गुडघा सुजून लाल झाला होता, त्यावर पट्टा करकचून बांधलेला. "नाटक असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "आठवडाभर विचार केला, तिला दाखवू की नको. आईला आपलं दुखणं दाखवायची मला सवय नाही ग." मग सलवार खाली करून त्यांनी डब्यातल्या शेवेचा बोकाणा भरला, म्हणजे पुढं बोलावं लागू नये. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही, तिसरा मजला. सगळ्या पुण्याच्या पायऱ्या मोडत हिंडणारी बाई रोज ते जिने चढत होती, आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

सासूबाई त्यानंतर वर्ष-दीड वर्ष हिंडल्या-फिरल्या. उंबरठ्यावर रांगोळी काढता येत नाही ही तक्रार त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. एकदा तापाचं निमित्त झालं आणि दोन-तीन दिवसांत गेल्या. दांडीच्या पुढची एकही वस्तू घरात आली नाही.

वन्सं त्यानंतर जरा कमी बोलायला लागल्या. कामंही कमी झाली. हल्ली लोक मोबाइलवर फोटो दाखवतात, हॉलमध्येच दोन पायऱ्या खाली बसायची जागा, चकचकीत फरशी, काचेचं टेबल. पूर्वी वन्संनी अशा माणसाला तासभर बसवून घेतलं असतं. आता म्हणतात, "करा. हौस आहे तोवर करा." हे रोज त्यांना फोन करून इकडं राहायला बोलवायचे. त्या "बघू" म्हणायच्या. मी काही म्हणत नसे. खरं सांगायचं तर माझं मन दोन्हीकडं होतं. पुन्हा ती धूळ, पुन्हा तो ओटा, पुन्हा एक दुखणारं माणूस. मला एवढ्यात कुठं उसंत मिळाली होती.

या दिवाळीनंतर त्यांनी आपण होऊन फोन केला. ह्यांना नाही, मला. "शुभा, जिना होत नाही आता," म्हणाल्या. "येऊ का?"

मी या म्हटलं.

रिक्षानं त्या आल्या. दोन बॅगा आणि ती घडीची खुर्ची. हे बॅगा घेऊन लिफ्टनं वर गेले. आमच्या सोसायटीच्या दारात पायऱ्या आहेत. तिथं उतार करून द्या म्हणून वन्संनी कितीतरी वर्षं कमिटीच्या मागं तगादा लावला होता, आणि कमिटी दर सभेत तो विषय चहाच्या आधी घेऊन चहानंतर सोडून द्यायची. वन्संनी पायऱ्यांकडं पाहिलं. मला वाटलं, आता कमिटीचा उद्धार होणार. त्या पहिल्याच पायरीवर बसल्या.

"जरा दम खाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुला घाई नाही ना?"

गॅसवर कुकर लावलेला होता, पण वर हे होते. "नाही," मी म्हटलं आणि शेजारी बसले.

समोर शाळेची बस थांबली होती. मुलं उतरत होती, आया दप्तरं ओढत होत्या. वन्सं बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी आले की लोकांना आपण म्हातारे झाल्यासारखं वाटतं, ना ग?"

"वाटतं," मी म्हटलं.

"आणि तुला?"

"मला दमल्यासारखं वाटतं."

त्या हसल्या. नाकातून, हळूच, सासूबाई हसायच्या तशा. "ते मलाही वाटतं," म्हणाल्या. नोव्हेंबरचं ऊन पायऱ्यांवर आलेलं होतं, पाठीला बरं वाटत होतं. वर कुकरची शिट्टी झाली, मग आणखी एक झाली. ह्यांनी गॅलरीतून वाकून पाहिलं आणि काही न विचारता आत गेले. बस निघून गेली, मुलं पांगली. वन्संनी उठायची घाई केली नाही, आणि मीही केली नाही.